निळ्या शर्टाची पाठ

वेणूकाकींची नक्कल करायची तर आधी डावा हात कमरेवर ठेवायचा. मग समोरच्याचा डागाळलेला कपडा दोन बोटांत धरून नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि विचारायचं, "कवा पडला हा?"

समोरचा म्हणतो, "काल."

"काल नाय. परवा पडला. काल तू त्याला गरम पानी दाखवलंस. आता रड."

पनवेलात तक्का भागात आमची बैठी चाळ आहे. मागच्या बाजूला सगळ्यांचा मिळून एक नळ आणि त्याच्याखाली एक काळा दगड. दगड सगळ्यांचा असला तरी त्याच्यावर राज्य वेणूकाकींचं. कुणाच्या कपड्यावर तेल सांडलं, ग्रीस लागलं, सायकलच्या चेनने पँटची वाट लावली की तो कपडा घेऊन माणूस दगडाशी येतो आणि आधी बोलणी खातो. पार्सलं पोचवणारा निनाद आपला लाल टीशर्ट घेऊन येतो आणि गालातल्या गालात म्हणतो, "काकी, इमर्जन्सी." पलीकडच्या खोलीतली दिपिकावहिनी येते ती श्वास न घेता बोलतच येते. "काकी, बघा ना हो, यांचा साईटवरचा ऑरेंज शर्ट, मी लिंबू टाकलं, सोडा टाकला, व्हिनेगर टाकलं, मोबाइलवर दाखवलेलं सगळं सगळं टाकलं."

"आता तूच पड त्याच्यात," काकी म्हणतात, आणि शर्ट घेतात.

मग जे होतं ते बघण्यासारखं असतं. पाण्याचा थेंब नाही. माझ्या कंपासपेटीतला खडू मागून घ्यायचा, तो कुस्करायचा, डागावर पसरायचा आणि शर्ट रात्रभर तसाच ठेवायचा. "तेलाचं आन् पान्याचं जुनं भांडान हाय. पयलं कोरडं. खडू पितो त्याला." सकाळी खडू झटकला की भांडी घासायचा साबण बोटाने लावायचा, कपड्याच्या आतल्या बाजूने. जुन्या टूथब्रशने हळूहळू घासायचं. त्याच्याही आधी शिवणीच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी साबणाचा एक थेंब लावून बघायचा. "रंग इचारून घेवाचा. पांढऱ्याला मारलं तरी चालतं, रंगीताला समजवावं लागतं." वाळवायचं ते उलटं करून, सावलीत. आणि डाग पुरता गेल्याशिवाय इस्त्री नाही. ही बंदी त्या सगळ्यांना घालतात, बोट रोखून. "इस्त्री लावलीस ना, का डाग जन्माचा झाला. मग माज्या दगडाकडं येवाचं नाय."

हे सगळं शिक्षण त्यांनी एकाच माणसाच्या कपड्यांवर घेतलं होतं. जगनकाकांच्या.

जगनकाका, म्हणजे वेणूकाकींचे यजमान, पळस्प्याच्या पुढे एका वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. कारखान्यांतल्या लोकांना ने-आण करणाऱ्या बसगाड्यांचं वर्कशॉप. गडद निळा शर्ट, बाहीला नारिंगी पट्टी. रोज सकाळी सातला ते डबा घेऊन धुतलेला शर्ट घालून निघत आणि संध्याकाळी तोच शर्ट काळा करून परत येत. त्यांची नक्कल सगळ्यात सोपी, कारण त्यांचे शब्दच तीन. हाय, नाय आणि बगू. कसे आहात काका? हाय. चहा घेणार? नाय. पाऊस पडेल का आज? बगू.

मोठं बोलणं त्यांनी आयुष्यात एकदाच केलं, आणि ते अख्ख्या भावकीला पाठ आहे. गावची जमीन गेली आणि तिचे पैसे हातात आले तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाने, हरेशने, आधी ट्रक घेतले, मग खडी-वाळूचा धंदा टाकला, मग इमारती बांधायला लागला. "दादा, माझ्यासोबत ये," तो म्हणाला होता. भरल्या घरात जगनकाका उभे राहिले आणि बोलले, "माज्या हाताला काम हाय. मना कोनाच्या दारात उभं रवाचं नाय."

हे मला कसं ठाऊक? हरेशभाऊजींमुळेच. ते नक्कल फार छान करतात. आमच्या गल्लीत न मावणारी पांढरी गाडी घेऊन आले की गाडीतून उतरता उतरताच दादाचा आवाज काढतात. मान खाली, खांदे पडलेले, "माज्या हाताला काम हाय." चाळ हसते. मीही हसते, कारण आवाज अगदी हुबेहूब असतो. पण नक्कल करताना डोळे हसले पाहिजेत, आणि हरेशभाऊजींचे डोळे तेव्हा दादा कसा बसलाय ते बघत असतात.

"दादा, आपल्या नव्या टावरला वॉचमन पायजेल. खुर्ची, पंखा, टोपी. येनारा जानारा सलाम मारील तो फुकट."

"नाय," जगनकाका म्हणत.

"खुर्ची ठेवतो रिकामी. टेन्शन नाय घेवाचा."

यंदा नवरात्राच्या आधी वर्कशॉपमध्ये विजेवरच्या बसगाड्या आल्या. त्यांना इंजिन ऑइल लागत नाही. त्यांच्या पोटाखाली जायला गाड्या बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची मुलं येतात, हातात लॅपटॉप घेऊन. जुन्या गाड्या विकल्या आणि जुन्या मेकॅनिकांना मालकाने नारळ देऊन, हात जोडून घरी पाठवलं. हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. वेणूकाकींनाही कुणी सांगितलं नाही. जगनकाका दुसऱ्या दिवशी सातला उठून, निळा शर्ट घालून, डबा घेऊन निघाले.

दसऱ्याला वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा होते आणि प्रत्येकाला नवा शर्ट मिळतो. तो घरी आला की काकी कॉलर उलटून आतल्या बाजूला हळदीकुंकवाचं बोट लावतात, मग तो खुंटीला जातो. यंदा काका झेंडूची दोन फुलं आणि पेढे घेऊन आले, शर्ट नव्हता.

"शर्ट?" काकींनी विचारलं.

"मालक बोल्ला, उशीर हाय."

काकींनी पेढा तोंडात टाकला. दरवर्षीचे पेढे खवट निघतात म्हणून त्या मालकाला शिव्या देतात. हे पेढे ताजे होते.

त्यानंतर चारदोन दिवसांनी सकाळी काकी दगडाशी बसल्या होत्या आणि माझी आई नळावर भांडी विसळत होती. आईचं माहेर पुण्याचं, त्यामुळे ती नळालासुद्धा अहो म्हणेल. काकी एकदम हसायला लागल्या.

"अरुंधती, बग गो इकडं. असा गुनी डाग मी जन्मात नाय बगला. साबन दाखवला का गेला! घासावं पन नाय लागलं."

"अहो मग चांगलंच झालं की वेणूताई."

"जलकं ऑइल असं जातंय होय? ते किती रडवतंय. हा तर मधासारका, नवा कोरा." असं म्हणत त्यांनी शर्ट उलटला आणि पाठ समोर आली. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलून उन्हात धरली.

हसणं थांबलं. नळ तेवढा चालू राहिला.

बसखाली काम करणारा माणूस पाठीवर झोपतो. जगनकाकांच्या शर्टाच्या पाठीवर, उजव्या खांद्याच्या खाली, रोज एक काळा डाग असायचा, भाकरीएवढा. छातीचे, बाहीचे डाग कमीजास्त व्हायचे. तो एक रोजचाच. काकी त्याला "माजी सवत" म्हणायच्या. आज ती नव्हती. काल होती का? काकी आठवत राहिल्या असाव्यात. खिशाशी तेल होतं, बाहीला तेल होतं, पोटाशी तेल होतं. जिथे जिथे माणसाचा स्वतःचा हात पोचतो तिथे तिथे होतं.

"काय झालं हो?" आईने विचारलं.

"काय नाय." काकींनी शर्ट पाण्यात बुडवला आणि पुन्हा घासायला घेतला. त्यात घासण्यासारखं काही नव्हतं.

त्याच आठवड्यात आई बाजारातून येताना वडाळे तळ्यावरून आली. घरी येऊन पिशवीही न ठेवता बाबांना हळू आवाजात सांगायला लागली. आईचा हळू आवाज भिंतीपलीकडे नीट ऐकू येतो.

"अहो, जगनभाऊ तिथे कट्ट्यावर बसले होते. डबा खात. मला वाटलं, सुट्टी असेल. मग डबा धुतला त्यांनी, पुसला, आणि खिशातून एक छोटी बाटली काढली. त्यात बोट बुडवून शर्टाला लावत होते हो. आपण देवाचा अंगारा लावतो ना, तसं. एकेक बोट."

बाबांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाले, "तुला दिसलं नाही असं समज."

आईला दिसलं नाही. मला ऐकू आलं नाही. आणि काकी रोज संध्याकाळी खिशावर खडू पसरत राहिल्या. "आज कामाचा लय जोर दिसतोय," त्या म्हणायच्या. काका म्हणायचे, "हाय."

मग एका शनिवारी संध्याकाळी हरेशभाऊजी आले. नातवाच्या बारशाचं आमंत्रण करायला. काकी आत चहा टाकत होत्या आणि भाऊजी दारातल्या खुर्चीत बसून निनादला गाडीचं मायलेज सांगत होते, तेवढ्यात जगनकाका कामावरून आले. म्हणजे तळ्यावरून. वाकून चपला काढायला लागले तशी पाठ भावासमोर आली.

हरेशभाऊजींनी तरुणपणी दोन वर्षं दादाच्या हाताखाली गाड्यांखाली झोपून काढली होती.

"अरे वा!" ते म्हणाले. "पुढून मेकॅनिक, मागून नवरदेव! दादा, पाठ कशी रे कोरी? आता गाडीखाली तू जातोस का गाडी तुज्यावरून जाते?"

निनाद हसला. दिपिकावहिनीही दारातून हसली. त्यांना काही माहीत नव्हतं.

"आज वरचं काम होतं," जगनकाका म्हणाले. तीनपेक्षा जास्त शब्द झाले, म्हणून भाऊजींनी मान वर केली.

"वरचं?"

"हाय."

"बरं." भाऊजींनी खुर्ची पुढे ओढली. "सोमवारी बारसं हाय, संध्याकाली. तू असं कर, दादा, कामावरून सरल तिकडंच ये. घरी येऊन कपडे बदलू नको. ह्याच शर्टावर ये. पावन्यांना दाखवतो ना, माजा दादा अजून मेकॅनिक हाय म्हनून. आन् नसला..." ते हसले. "नसला तर खुर्ची हाय आपल्याकडं. दारातच."

आत कपबशीचा आवाज थांबला होता. काकी चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्यांचं तोंड रोजच्यासारखंच होतं. "घ्या भावजी. साकर कमी हाय, तुमाला गोड बोलताना लागेल म्हनून राखून ठेवली."

भाऊजी खो खो हसले. जगनकाका हसले नाहीत. ते आपल्या चपलांकडे बघत होते.

रविवारी दुपारी चाळ झोपली होती. काकी नाक्यावर बाळूच्या स्कूटर गॅरेजात गेल्या. मी समोर सायकलमध्ये हवा भरत होते.

"बालू, जलकं ऑइल दे रे वाटीभर."

बाळूने हातातला पाना खाली ठेवला. "काकी, तुम्ही? आजवर आमच्या ऑइलला शिव्या घातल्या तुम्ही!"

"दाराची कडी कुरकुरते."

"मग चांगलं देतो ना, नवीन. जळकं कशाला?"

"नको. जलकंच दे. काला पायजेल."

"कडीला काळं कशाला हो?"

"कडी माजी हाय ना?"

बाळूने वाटी भरून दिली. काकी ती पदराखाली धरून घेऊन आल्या, देवळातून तीर्थ आणावं तशी, न हिंदकळू देता.

पुढचं मी आमच्या मागच्या खिडकीतून पाहिलं. काका आत झोपले होते. काकींनी निळा शर्ट दगडावर पालथा घातला. उजव्या खांद्याखालची जागा त्यांना शोधावी लागली नाही. तिथे त्यांनी तळवा टेकला, जरा वेळ तसाच ठेवला, मग तो वाटीत बुडवून शर्टावर दाबला. रगडला. कडेला बोटांनी फिकट केलं, मध्ये गडद ठेवलं. खडू नाही, साबण नाही. वर पाणी मारून वरवर आपटला, एखादी आळशी बाई आपटेल तसा. मग आमच्या दारात आल्या.

"अनू, इस्त्री दे गो."

आई स्वयंपाकघरातून बघत राहिली. मी इस्त्री दिली. काकींनी आमच्याच टेबलावर चादर घातली, तिच्यावर वर्तमानपत्र पसरलं, ओला शर्ट पालथा ठेवला आणि डागावर इस्त्री टेकवली. चर्रर्र झालं. खोलीभर जळक्या तेलाचा वास सुटला. त्या जोर लावून दाबत होत्या, पुन्हा पुन्हा, त्याच जागी.

"वेणूताई, अहो, तो डाग..." आई म्हणाली.

"आता नाय जानार," काकी म्हणाल्या.

सोमवारी सकाळी तो शर्ट मागच्या दोरीवर होता, सगळ्यांना दिसेल असा, पाठ बाहेर. नळावर बायका जमल्या तेव्हा त्यांच्या बादल्या भरून वाहायला लागल्या तरी कुणी नळ बंद करेना. वेणूकाकींच्या दोरीवर डाग!

"अगं बाई! काकी, हे काय?" दिपिकावहिनी म्हणाली. "तुम्ही आणि इस्त्री? आणि आम्हाला बोट दाखवता!"

"हात थकला आता," काकी म्हणाल्या. "नाय गेला. सगले डाग थोडेच जातात?"

"मग आता आमचे कपडे कुणाला द्यायचे?" निनाद म्हणाला आणि सगळे हसले. काकीही हसल्या. हातातल्या टूथब्रशचे केस निपटत बसल्या.

जगनकाका डबा घेऊन बाहेर आले आणि शर्ट काढायला दोरीशी गेले. हात वर केला आणि तो तसाच राहिला.

गेल्या दीड महिन्यात ते कुठल्याही गाडीखाली झोपले नव्हते. हे त्यांच्याइतकं पक्कं आणखी कुणाला ठाऊक असणार?

बायका पांगल्या होत्या. काकी दगडाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या.

"वेणू," ते म्हणाले. "हा डाग कुठं लागला गो?"

"गाडीखाली झोपलात ना तुमी," काकी मागे न बघता म्हणाल्या. "तिथंच लागला आसंल."

मग त्यांनी शर्ट अंगात घातला. बटणं लावायला त्यांना वेळ लागला. काकी उठल्या, ओले हात पदराला पुसले आणि वरचं बटण लावून दिलं.

"बारशाला सरल तिकडंच या," त्या म्हणाल्या. "मी येते अरुंधतीसंगती. उशीर नका करू."

बारशाला अख्खी चाळ गेली होती. हॉलमध्ये गार हवा, फुग्यांची कमान, मधोमध पाळणा. जगनकाका दारातून आत आले तेव्हा हरेशभाऊजी उठून पुढे गेले, आणि हात धरून त्यांना पाहुण्यांच्या मध्ये नेताना सहज केल्यासारखं अर्धं वळवलं. पाठ दिसली. काळी.

भाऊजींनी धरलेला हात सोडला. मग ते मोठ्याने म्हणाले, "बगा, हा माजा दादा. अजून गाडीखाली झोपतो. आमची सगली भावकी एसीत, हा एकटा अजून ऑइलमधे." लोक हसले. एका म्हाताऱ्याने काकांचा हात हातात घेतला. "हाताला काम हाय ना बाबा, मग झालं," तो म्हणाला. काकांनी मान हलवली. वॉचमनच्या खुर्चीचं त्या दिवशी कुणी नाव काढलं नाही, आणि पुढेही काढलं नाही.

पाळण्याभोवती बायका गाणं म्हणत होत्या. त्यांच्यात काकी होत्या, टाळ्या वाजवत. जगनकाका भिंतीला पाठ न लावता उभे होते. ते पूर्ण गाणंभर एकाच बाईकडे बघत होते, आणि ती बाई पूर्ण गाणंभर पाळण्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून खिशाला तेल यायचं बंद झालं. काका अजूनही सातला निघतात, डबा घेऊन. संध्याकाळी येतात, शर्ट काढून काकींच्या हातात देतात. त्याला घामाचा वास असतो, तळ्याकाठची धूळ असते. खडू मागायला काकी आता आमच्याकडे येत नाहीत.

पण सकाळी काका गेले की त्या दगडाशी बसतात, ब्रश घेतात आणि घासायला लागतात. पूर्वी जितका वेळ लागायचा तितकाच वेळ. ग्रीसवर ब्रश फिरला की आवाज चिकट येतो, दबका, चप चप. नुसत्या कापडावर तो कोरडा येतो, खसर खसर. भिंतीच्या अलीकडून डोळे मिटूनसुद्धा फरक कळतो.

परवा दिपिकावहिनी बादली घेऊन खोळंबून उभी होती.

"काकी, किती वेळ? मोठा डाग आहे का आज?"

"हाय गो," काकी म्हणाल्या. ब्रश थांबला नाही. "ऑइलचा हाय. वेल लागतो."